चढाचा बंदोबस्त

मंगळवार, ४ मार्च

पोरी, वाचायला बसण्याआधी चष्मा शोध. कपाळावर असेल. मग आठवून बघ, परगावी जाताना तू मला काय सांगून गेलीस. नाही ना आठवत? "आई, फोनवर तू निम्मं गाळतेस. घरात काय काय होतं ते लिहवून ठेव, मी आले की वाचेन." आता म्हणशील, मी कधी म्हटलं? म्हणालीस. दारात, एका पायात चप्पल घालून. दुसरी शोधत होतीस.

मला अक्षर येत नाही, एवढं तरी लक्षात असेल. लिहितेय तुझी सून. शाळेत शिकवते म्हणून मी तिला मास्तरीण म्हणते, आणि माझी वाक्यं सरळ करायला बघते म्हणूनही. तिला बजावलंय, मी बोलेन तेच उतरवायचं.

तर ऐक. तुझ्या चिरंजीवांनी घरात एक लोखंडी गोगलगाय आणली आहे. दात येत होते तेव्हा हा खुळखुळा टाकून आजोबांचा पाना चघळायचा, म्हणून त्याचं नाव पाना पडलं. आता बाप व्हायची वेळ आली तरी पानाच. ही गोगलगाय म्हणजे टर्बो. कुठल्याशा ठोकलेल्या डिझेल गाडीतून भंगारवाल्याने काढून ठेवला होता. तो आपल्या म्हाताऱ्या गाडीला बसवायचा. नवी गाडी घ्यायची ऐपत नाही, तेव्हा जुनीलाच जोर आणायचा.

कशासाठी, ते तुला ठाऊक आहे. तरी मला एकदा बोलून टाकायचंय. आपण खाली राहतो, दवाखाना वर. मध्ये तो चढ. रुग्णवाहिका वरूनच निघते. तिने खाली यायचं आणि परत वर जायचं, म्हणजे दुप्पट वेळ. गेल्या वर्षी मास्तरीणला भरदुपारी कळा सुरू झाल्या आणि आपली गाडी पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर वाफ सोडत थांबली. पुन्हा सुरू होईपर्यंत जो वेळ गेला तो गेला. वर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं आधी आला असतात तर. बाळ राहिलं नाही.

इथे मास्तरीणचं पेन थांबलं. मी म्हटलं, राहू दे हा भाग. ती म्हणाली, "नाही आजी, लिहिते."

आता तिला पुन्हा आठवा लागलाय. पाना म्हणतो, या वेळी गाडी त्या वळणावर थांबणार नाही म्हणजे नाही.

रविवार, ९ मार्च

घरात वेल्डर मुक्कामाला आल्यासारखा झालाय. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान आहे, पण चहा आपल्याकडे चांगला मिळतो असं त्याचं मत. दोघं मिळून गाडीच्या पोटात हात घालून बसतात आणि पायांच्या दोन जोड्या तेवढ्या दिसतात. मी कुणाशी बोलतेय ते चपलांवरून ओळखते.

आज मी विचारलं, हे यंत्र करतं तरी काय? पाना म्हणाला, "आजी, इंजिनातून धूर बाहेर पडतो ना, तो फुकट जातो. तो याच्यातून सोडला की आतलं चक्र फिरतं. त्याच दांड्यावर दुसरं चक्र आहे, ते बाहेरची हवा खेचून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर."

म्हणजे टाकून दिलेल्या धुराकडून काम करून घ्यायचं. मला एकदम पटलं. या घरात टाकून कधी काही दिलंच नाही. तुझे वडील तर वापरलेली काडीसुद्धा पेटीत परत ठेवायचे.

वेल्डरने मात्र एक गोष्ट दोनदा सांगितली. "हे बघ पाना, जोरात चालवून आणलीस की लगेच किल्ली फिरवायची नाही. जागेवर जरा वेळ इंजिन चालू ठेवायचं. हे चक्र तापून लाल झालेलं असतं आणि ऑइलवर तरंगत असतं. इंजिन बंद की ऑइल बंद. मग ते आतच जळतं."

"माहितेय रे," पाना म्हणाला.

"माहीत असणं वेगळं."

"चहा पी."

मास्तरीणला आवराआवरीचं वेड लागलंय. मोठी बॅग माळ्यावरून काढायला लावली, तिच्यात कपडे घातले, काढले, परत घातले. आता ती बॅग बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून आहे. या दिवसांत बायकांना असं काहीतरी होतंच. मला लादी पुसायचं वेड लागलं होतं, तू पोटात होतीस तेव्हा.

शनिवार, १५ मार्च

आज गाडी सुरू केली. सगळे अंगणात. पान्याने किल्ली फिरवली, इंजिन खोकलं, धरलं, आणि पुढच्याच क्षणी मागून असा निळा धूर निघाला की समोरच्या घरातली बाई वाळत घातलेले कपडे काढायला धावली. ती काय काय म्हणाली ते मास्तरीण लिहायला तयार नाही.

पाना गाडीखाली शिरला. मला त्याचे पाय दिसत होते. एक पाय सारखा हलत होता. लहानपणी परीक्षेच्या आदल्या दिवशी हलायचा तसा. वेल्डर पण शिरला. खालून आवाज आले.

"ऑइलची परतीची नळी बघ. मध्ये उंटासारखी वर गेलीय."

"जागाच नव्हती दुसरी."

"ऑइल आपल्या वजनाने खाली यायला पाहिजे. ते काय चढ चढणार आहे?"

पान्याचा हलणारा पाय थांबला. आमच्या घरात चढ हा शब्द सध्या कुणी सहज काढत नाही. वेल्डरच्याही लक्षात आलं असावं, कारण तो उगाच खोकला.

संध्याकाळपर्यंत नळी उतरती करून घेतली. धूर गेला. समोरची बाई अजून बोलत नाही.

सोमवार, १७ मार्च

काही विशेष नाही. मास्तरीणने विचारलं, तिच्या मावशीचं घर वर दवाखान्याच्या मागेच आहे ना? मी म्हटलं, तुझी मावशी, मला काय विचारतेस? आणि या अवस्थेत लोकांच्या घरी कशाला जायचं, इथे मी आहे की. गाडी तर होत आलीच आहे. ती हो म्हणाली.

आज मी बरंच सांगितलं आणि तिने थोडंच लिहिलंय. मला वाचता येत नाही, पण कागद किती भरला ते दिसतं हो.

शनिवार, २२ मार्च

गाडी पळते! आठवडाभर पाना रोज सकाळी तिला मोठ्या रस्त्यावर नेऊन आणतोय. कार्बोरेटरचं भोक मोठं केलं, ठिणगी थोडी मागे घेतली, हवेचा दाब कमीच ठेवला, असं काय काय वेल्डरला सांगत असतो. आज मला नेलं. पाय दाबला की क्षणभर काही नाही, आणि मग कुणीतरी मागून दोन्ही हातांनी ढकलावं तशी सुटते. मी म्हटलं, अरे माझे दात! तो हसला. वर्षभरात त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मला रडायलाच आलं असतं, पण दात धरून बसले होते.

त्या गोगलगायीची शीळ येते, पाय दाबला की. गेल्या आठवड्यात जाडी होती, आता बारीक झालीय, एखाद्या डासाएवढी. कानाला गोड लागते.

आणि एक गंमत सांगते. घराकडे येताना गल्लीच्या वळणावर पान्याने किल्ली फिरवली आणि गाडी उताराने आवाज न करता फाटकात आणून उभी केली. हुबेहूब तुझे वडील! तेवढंच पेट्रोल वाचतं म्हणून ते जन्मभर वळणावरच इंजिन बंद करायचे. तूही तसंच करायचीस, फाटकाला ठोकेपर्यंत. मी म्हटलं, आजोबांचा हात आलाय तुझ्यात. त्याला ते कळलंच नाही, तो नळीला हात लावून बघत होता आणि हात भाजला म्हणून झटकत होता.

मास्तरीण गाडीत बसायला आली नाही. डोकं दुखतं म्हणाली. तिची बॅग मधे मधे येते म्हणून पान्याने तिच्यावरच नळ्या आणि पट्ट्या मांडल्यात.

बुधवार, २६ मार्च

आज चढावर परीक्षा होती. जे झालं ते सांगते, पण मास्तरीण, तुला लिहवेल का? हो म्हणतेय.

पान्याला गाडी पूर्ण वजनाची हवी होती. म्हणून पुढे वेल्डर, मागे मी, आणि माझ्या शेजारी वाळूचं पोतं, पट्टा बांधून. ते पोतं म्हणजे मास्तरीण. ती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "पोतं बरंय. तक्रार करत नाही." आम्ही सगळे हसलो. ती पण हसली असं मला वाटलं.

चढ सुरू झाला. पूर्वी जिथे दुसऱ्या गिअरवर रडायची तिथे तिसऱ्यावर सरसर गेली. वेल्डर मांडीवर थाप मारत होता. मला मागून पान्याची मान दिसत होती, आणि तिच्यावरची शीर.

टाकी दिसली आणि त्याने पाय आणखी दाबला.

शीळ चढली. मग ती शीळ राहिली नाही, किंचाळणं झालं. वेल्डर ओरडला, "पाय काढ!" पाना ऐकेना. "अरे पाय काढ, पाना, जाईल ते!" मी पण ओरडले. तो नुसता वळणाकडे बघत होता. जणू ते वळण मागे पडलं की गेलं वर्षच मागे पडणार होतं.

वळण मागे पडलं. मी पाहिलं, टाकी आमच्या मागे होती. आणि तेवढ्यात काचेच्या बरणीत खिळे घालून हलवावेत तसा आवाज झाला, जोर संपला, आणि मागची काच धुराने भरून गेली. वेल्डरने स्वतःच हात घालून किल्ली फिरवली. गाडी मागे सरकायला लागली. मागे वळण, वळणापलीकडे कठडा बेताचाच. पान्याने हातब्रेक ओढला तो धरेना. वेल्डर उडी मारून उतरला आणि दगड उचलून चाकामागे टाकला. पहिला दगड सरकला. दुसऱ्यावर गाडी थांबली. मी पोत्याला मिठी मारून बसले होते. लाज कसली, ते जवळ होतं.

इंजिन निवल्यावर वेल्डरने नळी काढली. आतलं चक्र बोटाने डुगडुगत होतं, पाती झिजून कुरतडल्यासारखी. दांडा करपलेल्या तव्यासारखा काळा.

"ऑइल जळून कोळसा झालंय. गरम असताना बंद करत होतास?"

"नाही," पाना म्हणाला.

"नाही कसा?" मी म्हटलं. मला वाटलं त्याची बाजू घेतेय. "रोज वळणावरच बंद करून येतो, आजोबांसारखा. छान येते गाडी."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग पाना स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिला, दुसऱ्याचा हात असल्यासारखा.

"तू सांगितलं होतंस," तो वेल्डरला म्हणाला. "मला माहीत होतं. पण वळण आलं की हात आपोआप फिरतो."

पात्यांचा चुरा इंजिनात गेलाय. सगळं उघडायला लागणार. गाडी दोरीने बांधून खाली आणली.

गुरुवार, २७ मार्च

सकाळी मी मास्तरीणला सांगत होते की पाना दुसरा टर्बो शोधणार आहे. पाना तिथेच जमिनीवर इंजिनाचे तुकडे मांडून बसला होता. तो म्हणाला, "मिळेल. पंधरा दिवसांत बसवतो. या वेळी किल्लीवर टेप लावून ठेवीन."

मास्तरीणने पेन खाली ठेवलं.

"मी बसणार नाही त्या गाडीत," ती म्हणाली.

"होईल गं ती नीट."

"नीट झाली तरी नाही बसणार. मला आत्ताच वर जायचंय. मावशीकडे. दवाखाना चालत जाण्याएवढा जवळ आहे तिथून. मला त्या वळणावरून घाईत जायचंच नाहीये."

"मग बोलली का नाहीस?"

"बॅग भरून बाहेरच्या खोलीत ठेवली. तू तिच्यावर नळ्या मांडल्यास. आजींना विचारलं, त्या म्हणाल्या कशाला जायचं. शेवटी माझ्या जागेवर पोतं बसवलंत, तेव्हा म्हटलं, चला, पोतंच जाऊ दे."

मी म्हटलं, मला वाटलं आवराआवरीचं वेड. कुणीच हसलं नाही. माझंही तोंड बंद झालं, आणि ते कधी होतं ते तुला माहीत आहे.

पाना बराच वेळ एक नट पुसत होता. मग म्हणाला, "तू वर, मी खाली. मी तिथे नसताना काही झालं तर?"

"मागच्या वेळी तू होतास," मास्तरीण म्हणाली. दुखवायला नाही बोलली. त्याच्या शेजारी जमिनीवर बसायला गेली, पण पोटामुळे बसता येईना, म्हणून तोच उठला.

मी तिला म्हटलं, हे सगळं जसंच्या तसं लिही, माझं चुकलं तेसुद्धा. ती म्हणाली, "तुमचं आधी लिहिलं."

सोमवार, ३१ मार्च

आज लिहितोय पाना. मास्तरीणला सकाळच्या बसने वर सोडून आला. हो, बस. वर रोज जाते. अडीनडीला कामाची नाही, पण अडीनडी यायच्या आधी गेलं तर अगदी कामाची आहे, हे आम्हा हुशार लोकांच्या डोक्यात आलं नाही.

मी विचारलं, वळणावर कसं झालं?

"काही नाही झालं."

"म्हणजे?"

"बस गेली, आजी. ड्रायव्हर शेंगदाणे खात होता. हिने खिडकीतून टाकीकडे पाहिलं, मी हिच्याकडे पाहिलं. संपलं."

बॅग मावशीच्या कॉटखाली बसली. घर मोकळं मोकळं झालंय. माझी वाक्यं आता कुणी सरळ करत नाही, आणि पान्याला ऱ्हस्वदीर्घाशी देणंघेणं नाही असं तूच सांगायचीस.

गुरुवार, १० एप्रिल

लिहितोय वेल्डर. त्याचं अक्षर कसं आहे ते तूच बघ, मला सगळ्यांचं सारखंच दिसतं. मला नुसतं बसवत नाही, म्हणून त्याला बसवलाय. बोलत राहिले की बरं.

मावशीचा फोन आला. कळा सुरू झाल्या. अजून वेळ होता गं, बराच वेळ होता. मास्तरीण मावशीच्या हाताला धरून चालत दवाखान्यात गेली म्हणे, मध्ये एकदा थांबली तेवढंच. पाना तसाच काळ्या हातांनी पळाला. बस निघून गेली होती. मोठ्या रस्त्यावर जो कुणी थांबेल त्याच्या गाडीत बसून जाईन म्हणाला. गाडीचं इंजिन इथे फडक्यावर पसरलंय, मी त्याच्यासमोर बसलेय.

मावशीचा पुन्हा फोन. बाळाचे ठोके मंदावले. डॉक्टरीणबाई विचारायलाही थांबल्या नाहीत, थेट ऑपरेशनला घेतलं.

वेल्डर, लिही. काय लिहू म्हणतोय. लिही की मी घाबरलेय.

मी त्याला विचारलं, मास्तरीण इथे असती, कळा येताच निघालो असतो, टर्बो चांगला असता, तर आत्ता कुठवर पोचलो असतो? त्याने मनातल्या मनात हिशेब केला. मग पेन टेकवून म्हणाला, "टाकीपर्यंत. आजी, नसतं जमलं. कुठल्याच टर्बोने नसतं जमलं."

फोन वाजत नाहीये. मी दोनदा उचलून बघितला, चालू आहे.

चहा नको म्हणाला वेल्डर. याने चहा नको म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

वाजतोय. थांब.

शनिवार, १२ एप्रिल

मुलगी आहे.

परवा फोनवर पाना नुसता "आजी, आजी" करत होता, मला वाटलं सगळं संपलं. मग मागून आवाज आला. एवढासा, पण रागाचा. आपल्याच घरातला आहे, शंका नाही. वेल्डर अंगणात जाऊन तोंड धुऊन आला. समोरच्या बाईने विचारलं काय झालं, म्हणजे बोलायला लागली.

लहान आहे फार. एक दिवस काचेच्या पेटीत ठेवली होती, आज आईजवळ दिली. मास्तरीणला टाके आहेत, पण पहिलं वाक्य बोलली ते मला निरोप म्हणून: "आजींना म्हणावं, पोतं सुखरूप आहे." बघ कशी आहे ती. मी तीनदा सांगायला लावलं पान्याला.

पाना आज कपडे न्यायला आलाय, तोच लिहितोय. त्याने हात तीन वेळा साबणाने धुतले तरी नखं काळीच, त्याच नखांनी तिला धरली म्हणे. मिळेल त्या गाडीने गेला होता तो, आधी एका टेम्पोत, मग कोंबड्यांच्या गाडीत. पोचला तेव्हा बाळ झालं होतं. मी विचारलं, तू नव्हतास, वाईट वाटलं? तो म्हणाला, "मी नव्हतो. पण ही आधीच वर होती, म्हणून पोर आहे." मग म्हणाला, हे लिहीत नाही. मी म्हटलं, लिही, नाहीतर तुझी आई विसरेल. लिहिलंय असं म्हणतोय.

टर्बो? बसवणार आहे म्हणतो. वेल्डर त्याच्यासाठी दुसरा बघून आलाय. पण आता म्हणे गंमत म्हणून, सावकाश, इंजिन पुन्हा जोडल्यावर. दोघांनाही घाई नाही. मलाच जरा आहे, शीळ ऐकायची.

हे कागद आता तू येईपर्यंत ठेवत नाही, पान्याकडून टपालाने पाठवतेय. तू काहीतरी पाठवशील हे मला ठाऊक आहे आणि काय पाठवायचं ते विसरशील हेही. तर लिहून घे. बिस्किटांचा डबा नको, तो पाना वाटेत संपवतो. मास्तरीणला खजूर आणि बदाम पाठव. सफरचंदं पाठवलीस तर दाबून बघून घे, गेल्या वेळची पिठूळ निघाली. आणि सगळं वर पाठव, मावशीच्या पत्त्यावर. इथे पाठवू नकोस. इथून वर न्यायला गाडी नाही, ती अजून फडक्यावर आहे.